उन्हाला काजळ

खोली बघायला आला तेव्हा त्या माणसानं भाडं विचारलं नाही, पाणी विचारलं नाही. उंबऱ्यात उभा राहून एकच विचारलं, "मालक, हिच्यात ऊन कुठून येतं?"

मी म्हणालो, "सोलापुरात ऊन कुटनं येत न्हाय ते इचारा की."

तो हसला नाही. आत गेला, भिंतीवरनं तळहात फिरवला, उगवतीच्या झरोक्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "हा बुजवला तर चालेल?"

माणूस खोलीला उजेड मागतो, हा अंधार मागत होता. पण सरकारी शेतीखात्यातला सायब, सडाफटिंग, दारू नाही की विडी नाही. दिली खोली. कारभारीण चुलीपुढनं म्हणाली, "हुच्च हाय." तिचं माहेर अक्कलकोटाकडचं, कानडी तोंडात बसलेली. हुच्च म्हणजे येडा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन सालांनी घडलेली ही गोष्ट. आमचं घर होटगीच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाला लागून. पुढं घर, मागं परड्यात ती खोली, आणि खोलीच्या पाठीमागनं लगेच आमचं काळं रान सुरू.

मी चौथीच्या पुढं शिकलेलो नाही. लिहायला बसलोय ते एवढ्यासाठी, की श्रावणात कारभारीण गेली. त्या सायबाला माझ्याबरोबर ओळखणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. आता मी नाही लिहिलं तर तो होता की नव्हता हे सांगायला कोणी नाही. आणि यंदा हरभऱ्यात मला जे दिसलं, ते त्याचं सांगितल्याशिवाय कोणाला कळायचं नाही.

सायब कोकणातला. दगड उचलल्यावर खाली गवत निघतं ना, पांढरट, तसा त्याचा रंग. पाऊस असो नसो, काखेत काळी छत्री. परड्यातनं नळापर्यंत जायचं तरी छत्री उघडून जायचा. बायामाणसं पदर तोंडाला लावून हसायची. तो थांबून त्यांना समजावून सांगायचा, "आमच्याकडे उन्हाला दात नसतात. तुमचं ऊन चावतं." हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुधवाल्यालाही सांगायचा, टपालवाल्यालाही. कारभारणीनं त्याचं नावच पाडलं, बिसिलु सायब. बिसिलु म्हणजे ऊन.

त्याचं काम हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं. आमच्याकडं तेव्हा अळी पडली की पावडर मारायची. फडक्यात बांधायची, झाडावरनं झटकत जायचं. अळी पडायची, पाखरं पडायची, आणि झटकणारा माणूसही दोन दिवस ओकत पडायचा. सायबाचं म्हणणं, अळीला तिचाच रोग द्यायचा. रोगानं मेलेल्या अळ्या वाटायच्या, पाण्यात गाळायच्या, ते पाणी शेतावर फवारायचं. रोग अळीचा, अळीलाच होणार. माणसाला नाही, बैलाला नाही, मधमाशीला नाही.

हे वाटायचं प्रकरण पहिल्याच आठवड्यात पेटलं. सायब स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा. "वहिनी, पाटा-वरवंटा मिळेल का?"

"कशाला वो? चटणी वाटून देते की मी."

"नको, नको. अळ्या वाटायच्या आहेत."

आम्ही लिंगायत. घरात अंडं कधी फुटलेलं नाही. कारभारीण वरवंटा पोटाशी धरून उभी राहिली. "सायब, परत ह्या उंबऱ्याशी आलासा तर हाच डोस्क्यात घालीन!"

सायब गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि गावात जाऊन लोखंडी खलबत्ता घेऊन आला. त्याला राग येत नसे. अपमान झालाय हेच त्याला कळत नसावं, असं मला वाटायचं.

खोलीत फळ्या मारल्या होत्या आणि फळ्यांवर दवाखान्यातनं आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत हरभऱ्याचे भिजलेले दाणे, कापसाचा बोळा आणि एक अळी. एका बाटलीत एकच. मी विचारलं, का. म्हणाला, "दोन ठेवल्या तर सकाळी एकच असते, मालक. आणि ती जाड झालेली असते."

बाटल्या भिंतभर. मला वास यायचा, सडक्या पाण्यासारखा. त्याला येत नव्हता. एकदा दुपारी मी भाड्यासाठी गेलो तर तो अंधारात बाटलीला कान लावून बसलेला. मला बोटानं गप्प राहा म्हणाला आणि दुसरी बाटली माझ्या कानाला लावली. आधी काही नाही. मग ऐकू आलं. कुरकुर, कुरकुर. ओला कागद कोणीतरी हळूहळू फाडत असल्यासारखं.

"ही जेवते आहे," तो म्हणाला. पुढची बाटली कानाला लावली. "ही जेवते आहे." तिसरी. मग त्याचा चेहरा असा उजळला की तसा मी नवऱ्या मुलाचाच बघितलाय. "ही थांबली, मालक. हिला लागलं."

त्या दिवशी त्यानं मला रोगी अळी दाखवली. कारभारीणही दारात येऊन उभी राहिली होती. खोक्यात हरभऱ्याची डहाळी उभी केलेली, आणि अळी देठावरनं वर चढत होती. खात नव्हती. वाटेत कोवळं पान आलं, त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. शेंड्याला गेली, मागच्या पायांनी धरलं आणि डोकं खाली सोडून दिलं. शेजारच्या डहाळीवर आदल्या दिवशीची लटकत होती, काळी पडून. सायबानं काडी लावली तसं तिचं पाणी झालं आणि थेंब खालच्या पानावर पडला.

"मरायच्या आधी ती सगळ्यात उंच जागी जाते," सायब म्हणाला. "तिची इच्छा नसते. आत असतं ते तिला नेतं. उंचावरनं गळलं की खाली सांडतं, खालच्या अळ्या ते पान खातात."

कारभारणीनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "म्हंजी भूतच की वो."

"भूत निदान आधी माणूस असतं, वहिनी. हे जिवंतही नाही आणि मेलेलंही नाही. नुसतं वाट बघत असतं."

"कुनाची?"

"कोणीतरी खाण्याची."

तो हे असं सांगायचा, जसं दुसऱ्या कोणी पावसाचं सांगावं. आम्ही दोघं घरात आलो. भाडं मागायचं माझं राहूनच गेलं.

आता त्याचं दुःख काय होतं ते सांगतो. त्या न मेलेल्याला मारणारं जगात एकच, ऊन. खोलीत त्याचं औषध हमखास लागू पडायचं. शेतात फवारलं, दुसऱ्या दिवशी ऊन तापलं, की अळीनं पान खाईपर्यंत औषध फुकट. त्यानं त्यात गूळ घालून बघितला, दुधाची पावडर घातली, धोतराची नीळ घातली. खात्याच्या रानातला हरभरा निळा झाला, लोक सायकली थांबवून बघायला लागले. अळी निळं पान खाऊन जाड झाली. वरच्या सायबांनी मग सांगून टाकलं, अजून एक रब्बी बघू. नाही जमलं तर खोली बंद, बाटल्या उकिरड्यावर, आणि तुझी बदली बियाण्याच्या गोदामावर. एवढंच त्याचं होतं. बायको नाही, पोर नाही, घरचं टपाल मी कधी बघितलं नाही. त्या बाटल्या गेल्या असत्या तर त्या माणसात काही उरलं नसतं.

चैत्रात कारभारीण सकाळी माळवदावर ज्वारीच्या पापड्या घालून आली. दुपारी उलथायला वर गेली आणि तिची अशी किंकाळी आली की मी बैल सोडून पळालो. वर पापड्यांच्या ओळी, आणि त्यांच्या शेजारी ओळीतच सायब उताणा पडलेला. उघडा. छत्री नाही. अर्धा काळाकुट्ट, अर्धा लालबुंद. नाकापासनं बेंबीपर्यंत सुतानं आखल्यासारखी रेघ. डोळे मिटलेले. छातीवर हरभऱ्याची पानं मांडलेली, काही काळी, काही हिरवी. मला वाटलं, कोणीतरी करणी करून आणून टाकला.

तेवढ्यात काळ्या बाजूचा डोळा उघडला. "मालक, किती वाजले?"

"सायब! काय चाललंय वो हे?"

"कंदिलाची काजळी लावली आहे अर्ध्याला. बघतो आहे, कुठल्या बाजूला चावतं."

जो माणूस नळापर्यंत छत्री उघडून जायचा तो सोलापूरच्या चैत्रात सकाळपासनं तिथं पडला होता. आम्ही धरून खाली आणला. संध्याकाळपर्यंत गोऱ्या बाजूला पाण्यानं भरलेले फोड उठले. काळी बाजू धुतली तर जशीच्या तशी. तापानं फणफणत होता आणि हसत होता. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितला. पापड्या मात्र कारभारणीनं गाईला घातल्या.

ताप उतरल्यावर तो तिच्याकडं आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, वरवंट्याची आठवण असणार. "वहिनी, मला काजळी पाहिजे. कंदिलाची जाड येते, कागदासारखी सुटते. तुम्ही बायका डोळ्यात घालता ती बारीक असते."

कारभारीण आत गेली. फळीवरच्या उतरंडीमागनं तिनं एक पितळी डबी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. ती डबी मला माहीत होती. आमचं पहिलं पोर पाचवीच्या आत गेलं. पाचवीला घालायचं म्हणून तिनं आधीच एरंडेलाचा दिवा लावून, वर तांब्याचं ताट धरून काजळ पाडलं होतं. ते कोणाच्या डोळ्यात गेलंच नाही. पुढं आमच्या घरात पाळणा हलला नाही आणि काजळाचा दिवाही लागला नाही.

सायबाला हे कोण सांगणार? तो डबी घेऊन बादलीशी बसला, चिमूट पाण्यात टाकली, ढवळली. काजळ वर आलं आणि तरंगायला लागलं. काळे डोळे यावेत तसे गोल गोल ठिपके. पुन्हा ढवळलं, पुन्हा वर.

"वहिनी, यात तूप आहे."

"आसतंय की. काजळ तुपातच कालवत्यात. न्हायतर डोळ्याला बोचंल."

"ते पाण्यात मिसळत नाही. मला कोरडी हवी."

एवढं साधं बोलणं. पण तिचा चेहरा बघून तो थांबला. त्याला अपमानही कळत नसावा असं मी मगाशी म्हणालो, पण हे त्याला कळलं. तो खाली वाकला, कापसाचा बोळा घेतला आणि पाण्यावरचा एकेक ठिपका टिपून परत डबीत निपटायला लागला. दुपार उतरली तरी तो बसलेलाच. शेवटचा ठिपका टिपला, झाकण लावलं, डबी दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारणीनं आपण होऊन एरंडेलाचा दिवा लावला. इतक्या सालांनी. ताट धरून बसली. कोरडी काजळी पिसानं झाडून कागदावर घ्यायची. पावसाळाभर तिनं ती पाडली. परडं एरंडेलाच्या वासानं भरलेलं असायचं. शेजारणी म्हणायला लागल्या, घरात बारसं हाय का काय? ती म्हणायची, "व्हय. बिसिलु सायबाला पोर होणाराय."

रब्बीला सायब म्हणाला, खात्याच्या रानात नाही, इथं तुमच्या रानात करू, घरामागं. मला नजरेसमोर राहील. मी म्हणालो, माझा हरभरा गेला तर? तो म्हणाला, "मग जाईल." लबाडी त्याला येत नव्हती.

पौषात अळी पडली. ऊन उतरल्यावर फवारलं. काजळी, गूळ, रिठ्याचं पाणी आणि ते. रान धुरकट काळं दिसायला लागलं, लहान पोराला तीट लावावी तसं. कारभारीण बांधावर उभी होती. म्हणाली, "आता न्हाय लागायची नजर."

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पौष आहे का वैशाख कळेना. सायब छत्री घेऊन वाफ्यातनं फिरत होता, आणि छत्री स्वतःवर नाही, झाडांवर धरत होता. मी म्हणालो, "किती झाडावर धरशीला?" तो ओशाळला, छत्री मिटली. मग दिवसभर डोळे बारीक करून उन्हाकडं बघत बसला. वैरी घरात शिरलाय आणि आपल्याला ओरडता येत नाही, असा.

वरचे सायब आले तिसऱ्या दिवशी, जीपनं, ठरल्यापेक्षा लवकर. जीपमधनं उतरलेही नसतील, विचारलं, "मेली का?"

"मरेल."

"कधी?"

"तिला वेळ लागतो. तिला लागलं आहे."

वरच्या सायबानं हरभऱ्याचा घाटा उचकटला, आतली अळी काडीवर घेऊन सगळ्यांना दाखवली. धडधाकट होती, हिरवीगार. "ही? ही तर जेवायला बसली आहे!" जीपमधले हसले.

"जेवू द्या," आमचा सायब म्हणाला. "जेवल्याशिवाय मरणार नाही ती."

यावर तर ते खो खो हसले. बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं पावडर मारलेली, त्याच्या रानात अळ्या पडल्या होत्या. वरच्या सायबानं तिकडं बोट केलं. "शेतकऱ्याला हे पाहिजे. तुमची काजळी नको." निघताना सांगून गेले, खोली रिकामी करा, गोदामावर हजर व्हा.

शेजारी मला म्हणाला, "अण्णा, आजून येळ गेली न्हाय. पावडर देऊ का?" माझा हात पुढं झाला होता. घाटे पोखरलेले मी रोज बघत होतो. कारभारीण मधे आली. "थांबा वो. त्येला एकदा बगू द्या."

थांबलो.

सायब बाटल्या भरत होता, गोणपाटात. जायच्या दिवशी सकाळी कारभारीण शेण टाकायला मागं गेली आणि तिथनंच तिनं हाक मारली. ओरडली नाही, नुसतं "अवो" म्हणाली. आम्ही दोघं गेलो.

सगळं रान शेंड्याला आलं होतं. जिथं फवारलं होतं तिथं प्रत्येक झाडाच्या टोकाला काळी अळी, डोकं खाली करून लटकलेली. वारा नव्हता. काही अजून चढत होत्या, हळू, बोलावल्यासारख्या. पान खाल्ल्याचा आवाज कुठंच नव्हता. एवढ्या मोठ्या रानात अशी शांतता मी आधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. ऊन पडलेलं आणि त्या लटकलेल्या थेंबांतनं चकाकत होतं.

मी म्हणालो, "सायब, जीप बोलवा की! दावा त्येंला!"

"ते येणार नाहीत आता." तो रानाकडंच बघत होता. "टिकलं, वहिनी. दिवसभर उन्हात टिकलं."

"दिसतंय आमाला," कारभारीण म्हणाली.

तो एवढं ऐकून लहान पोरासारखा रडला. मग खोलीत जाऊन उरलेलं औषध, कॅनभर, उचलून आणलं. म्हणाला, गोदामात याचं काय करू? रानाच्या कोपऱ्यात, लिंबाखाली, खुरप्यानं माती उकरली आणि तिथं सगळं ओतलं, वरनं माती लोटली. हात धुताना म्हणाला, "मालक, मातीत ऊन पोचत नाही. मातीत ते मरत नाही. वाट बघत राहतं."

छत्री उघडून होटगी स्टेशनकडं चालत गेला. पुन्हा दिसला नाही. त्या साली हरभरा माझ्या घरात आला, एवढं खरं.

आता राहिलेलं.

श्रावणात कारभारीण अंथरुणाला खिळली. कूस बदलायची ताकद नव्हती, पण एकच धरलं, "मला वर न्या. माळवदावर न्या." पाऊस होता, मी म्हणालो, वर काय हाय तुझं? ती म्हणाली, "म्हाईत न्हाय. न्या." उघडीप पडल्यावर उचलून नेली. पिसासारखी झाली होती. वर कठड्याला टेकवून बसवली आणि तिथंच, रानाकडं बघत बघत, तिची मान खाली आली. मी भ्यालो. तिच्या मरणाला नाही. मला ती डहाळी आठवली.

आमच्यात बसवून माती देतात. तिची समाधी रानाच्या कोपऱ्यात केली, लिंबाखाली. तीच जागा तिनं सांगून ठेवली होती. हातात लिंग दिलं. पदराच्या गाठीत ती पितळी डबी मी बांधली, कोणाला सांगितलं नाही.

यंदा समाधीभोवती हरभरा टाकला. पौषात अळी आली, सगळ्यांच्याच आली. शेजाऱ्यांनी महागडी औषधं मारली. माझ्या हातानं पंप उचलत नाही आता. आणि परवा दुपारी भाकरी खाऊन मागं गेलो तर कोपऱ्यात, समाधीच्या भोवतीनं तेवढ्यात, शेंड्याशेंड्याला काळ्या अळ्या लटकलेल्या. डोकं खाली. पलीकडं एकही नाही. तसाच सडका वास, आणि त्यात मला एरंडेल जळल्याचा वास आला. शप्पथ सांगतो, आला.

इतकी सालं मातीत. वाट बघत.

ऊन चढलेलं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. डोक्याचा पटका सोडला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि त्या झाडांवर सावली करून उभा राहिलो. हात भरून आले तरी उभा राहिलो.

बांधापलीकडनं शेजाऱ्याचा पोरगा ओरडला, "अण्णा, उनात काय करतासा? कुनाला सावली धरलीया? हितं कोन हाय?"

"हाय की," मी म्हणालो.